दाताच्या रंगाचं फिलिंग आणि चहाचे डाग: काय करायचं, कोणत्या क्रमाने

“डॉक्टर, दिवाळीतच भरला होता हा दात, पिवळा कामून पडला?” परभणी-नांदेडकडच्या दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्या पाठोपाठ येणारी मागणीही ठरलेली: “काढून टाका, नवीन भरून द्या.” बहुतेक वेळा फिलिंग बिघडलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. म्हणजे फिलिंग आधी केलेलं आणि दात पांढरे करून घेणं नंतर. दवाखान्यातून निघालं की थेट टपरी. पॉलिश कधीच नाही, आणि डाग दिसला की मीठ-सोड्याने घासणं. खालचे टप्पे ओळीने वाचा, मधला टप्पा गाळू नका. फिलिंग आधीच झालेलं असेल तर पहिला टप्पा वाचून थेट पाचव्यावर या.

१. तोंडात नेमकं काय भरलंय ते विचारून घ्या

आपल्याकडे सगळ्यालाच ‘सिमेंट’ म्हणायची पद्धत आहे. दाताच्या रंगाचं फिलिंग मात्र मुख्यतः दोन जातींचं असतं, आणि दोघांचं वागणं वेगळं.

पहिलं कॉम्पोझिट, म्हणजे लोक ज्याला ‘लाईटवालं’ म्हणतात ते. रेझिन आणि त्यात काचेचे अतिसूक्ष्म कण. थर देऊन निळ्या लाईटने कडक करतात. दुसरं ग्लास आयोनोमर. पावडर आणि लिक्विड कालवून भरलेलं, बहुधा हिरडीलगतच्या खाचेत किंवा लहान मुलांच्या दातांत. ते फ्लोराइड सोडतं हा त्याचा मोठा गुण, पण त्याला कॉम्पोझिटइतकी चकाकी येत नाही आणि ते डाग लवकर धरतं.

कॉम्पोझिटमधलं रेझिन हे शेवटी प्लास्टिकच्याच कुळातलं. डब्यात रोज रस्सा भाजी नेली की प्लास्टिकचा डबा पिवळा होतो आणि स्टीलचा होत नाही, तेच इथे घडतं. रेझिन तोंडातलं पाणी हळूहळू शोषतं आणि पाण्याबरोबर चहा-कॉफी-हळदीचा रंगही आत ओढतं. आतले काचेचे कण पाणी शोषत नाहीत. म्हणून डाग किती पडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: रेझिन किती आणि कसं आहे, ते नीट कडक झालंय का, आणि वरचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या हातात. तिसरी अर्धी त्यांच्या, अर्धी तुमच्या.

तपासून घ्या: फाइलवर किंवा बिलावर मटेरियलचं नाव आणि शेडचा, म्हणजे रंगछटेचा, नंबर (ए-२, ए-३ असा काहीतरी) लिहून मागा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दोन-तीन वर्षांनी कोपरा तुटला तर हाच नंबर कामाला येतो. गाव बदललं, दवाखाना बदलला, तर आणखीच.

२. फिलिंगच्या आधीची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण इथे अजून दुखत नसतं आणि कुणी काही विचारत नाही.

क्रम असा. आधी दात साफ करून घ्या, म्हणजे स्केलिंग. कीटण आणि चहाचा थर चढलेल्या दाताशेजारी शेड जुळवली, तर फिलिंग त्या मळक्या रंगाचं होतं आणि नंतर साफसफाई केली की ते एकटंच गडद दिसतं. दात पांढरे करून घ्यायचे असतील, म्हणजे ब्लीचिंग, तर तेही फिलिंगच्या आधी. ब्लीचिंगने दाताचा रंग बदलतो, फिलिंगचा बदलत नाही. आधी फिलिंग आणि मग ब्लीचिंग केलेला माणूस पांढऱ्या दातांत एक पिवळं ठिगळ घेऊन हिंडतो, आणि दोष चहाला देतो.

ब्लीचिंग झाल्यावर साधारण दोन आठवडे थांबा. दातात उरलेला ऑक्सिजन फिलिंगची पकड कमी करतो आणि रंगही तेवढ्या दिवसांत स्थिरावतो. घाईने चिकटवलेल्या फिलिंगची कड पुढे सुटते आणि त्या फटीत चहाची रेघ बसते.

शेड ठरवताना दात ओला असावा. कापूस लावून, हवा मारून कोरडा केलेला दात पांढरट दिसतो. शेड खिडकीच्या उजेडात बघा, लिपस्टिक पुसून, पान-सुपारीनंतर तोंड स्वच्छ धुऊन.

लक्षात ठेवा: फिलिंग झाल्या-झाल्या दात सुकलेला असल्यामुळे रंग जुळत नाही असं वाटतं. दात परत ओलावा धरतो, एक-दोन दिवसांत रंग मूळ जागेवर येतो. खुर्चीतच आरसा बघून “डॉक्टर, अजून पांढरं करा” म्हणू नका.

तारखेचंही बघा. लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी समोरचा दात भरून घेणारे दर वर्षी असतात. कार्याच्या किमान दोन आठवडे आधी काम उरकलेलं बरं, म्हणजे रंग बघायला, पॉलिशला आणि एखादी दुरुस्ती लागली तर तिलाही वेळ राहतो.

किनवटच्या बाजूला बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. ते चहाचे डाग नव्हेत, इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, तयार होतानाच आत बसलेले आहेत. अशा दातांवर समोरून कॉम्पोझिटचा थर देतात. तो थर हसताना अख्खा दिसतो, म्हणून खालचे नियम त्यांनी इतरांपेक्षा कडक पाळावेत.

३. खुर्चीतून उठण्याआधी

कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर लाईट मारतात. त्यात तुम्ही एवढंच करायचं: तोंड मिटायचं नाही, जीभ आणायची नाही, थुंकी साचली तर हात वर करायचा. थुंकी लागलेल्या कडेला पुढे फट पडते.

लाईट संपली म्हणजे काम संपलं असं धरून पुष्कळ जण उठतात. खरं तर डागांच्या हिशेबाने महत्त्वाचं काम आता सुरू होतं. लाईट मारल्यावर अगदी वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट, अर्धवट राहतो. वरून पारदर्शक पट्टी दाबून केलेलं फिलिंग दिसायला चकचकीत असतं, पण त्याच्या वरच्या थरात रेझिन जास्त आणि काच कमी. दोन्ही थर काढून टाकावे लागतात. त्यासाठी खरखरीत चकतीपासून सुरू करून बारीक, अतिबारीक चकती, मग रबर किंवा पेस्ट, अशा पायऱ्यांनी पॉलिश करतात. मधली पायरी गाळली की जाड चकतीचे ओरखडे तसेच राहतात आणि रंग त्यातच साचतो. पृष्ठभागाचा खरखरीतपणा सुमारे ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की कीटण जास्त धरायला लागतं, असं दंतशास्त्रात मानतात. एवढं डोळ्याला दिसत नाही.

जिभेला मात्र बरंच कळतं. उठण्याआधी जीभ फिलिंगवरून शेजारच्या दातावर आणि परत फिलिंगवर फिरवा. कुठे वाळूसारखं लागतंय का? कडेला पायरी लागतेय का? दोन दातांच्या मधून फ्लॉसचा दोरा ओढून बघायला सांगा, तो फाटता कामा नये. यातलं काही असेल तर तिथेच सांगा. “पॉलिश करून घेऊ का, डॉक्टर?” असं विचारण्यात संकोच कसला? पुष्कळ डॉक्टर समोरच्या दाताचं शेवटचं पॉलिश मुद्दाम दुसऱ्या दिवशी ठेवतात. बोलावलं तर जा. दुखत नाही म्हणून ती खेप टाळणाऱ्यांचीच फिलिंगं लवकर पिवळी पडतात.

४. पहिले ४८ तास

लाईट बंद झाल्यावरही आतली प्रक्रिया चालू राहते. कॉम्पोझिट पुढे साधारण २४ तास कडक होत राहतं आणि ओलाव्याशी त्याचा मेळ बसायला आणखी थोडा वेळ जातो. या काळात ते रंग सहज घेतं. ग्लास आयोनोमर सुरुवातीला आणखी नाजूक असतं, म्हणून डॉक्टर त्यावर व्हार्निश किंवा व्हॅसलीनसारखं काहीतरी लावतात. ते नखाने खरवडू नका.

या दोन दिवसांत चालतं ते: पाणी, दूध, ताक, नारळपाणी. जेवायला दहीभात, हळद न घातलेलं वरण, ज्वारीची भाकरी, बटाट्याची हळद न घातलेली भाजी.

चालत नाही ते: चहा, कॉफी, काढा, हळदीचं दूध, कोकम सरबत, जांभळाचा किंवा डाळिंबाचा रस, कोला, तिखट-हळदीची लाल तर्री. तंबाखू, मिश्री, पान, गुटखा तर नाहीच, आणि तेवढे दोन दिवस सोडलेच आहेत तर पुढेही सोडून बघा.

“चहा दोन दिवस बंद” म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. दर घरी पाहुण्याला चहा विचारणाऱ्या मुलखात हे सोपं नाही, मान्य. राहवत नसेल तर पहिला दिवस काटेकोर पाळा. दुसऱ्या दिवशी कोमट, भरपूर दुधाचा अर्धा कप एकदाच घ्या आणि लगेच पाण्याने चूळ भरा. भूल दिली असेल तर ती उतरेपर्यंत गरम काहीच नको. डागांचा प्रश्न नंतरचा, आधी ओठ भाजतो.

हळदीबद्दल खास सांगायला हवं, कारण हिंगोली-वसमत हा हळदीचाच पट्टा. हळदीतला कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, रेझिनला फार लवकर लागतो, चहापेक्षाही. सर्दी झाली म्हणून फिलिंगच्याच रात्री हळदीचं दूध पिणाऱ्याला सकाळी आरशात पिवळा दात दिसतो. असा ताजा पिवळेपणा पुढे थोडा फिका पडू शकतो, कारण कर्क्युमिन उजेडाने विरतो. पण दात दिवसभर ओठांआड असतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

५. रोजचं पिणं: काय जास्त घातक आणि का

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, पेयाचा रंग. दोन, पेयाचा आंबटपणा. कोला सगळ्यात काळा दिसतो म्हणून लोक त्यालाच घाबरतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत मात्र कॉफी कॉम्पोझिटला कोलापेक्षा जास्त रंगवते, असं वारंवार दिसलं आहे. कॉफीतली पिवळी रंगद्रव्यं रेझिनमध्ये शिरतात, कोलाचा रंग तेवढा शिरत नाही. पण कोलाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं पेय आंबट) २.५ च्या आसपास असतो. तो फिलिंगचा पृष्ठभाग हळूहळू खराब करतो आणि भोवतीच्या इनॅमललाही मऊ करतो, कारण इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. म्हणजे कोला जमीन खणून ठेवतो आणि मागून आलेला चहा तिथे मुरतो. उन्हाळ्यात दुपारी थंड कोला आणि चार वाजता गरम चहा ही जोडी सगळ्यात वाईट.

दुधाचा चहा. रंग धरणारं द्रव्य टॅनिन. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहाचा डाग कोऱ्या चहापेक्षा कमी. तरी उकळून उकळून काळा केलेला टपरीचा चहा दिवसातून सहा वेळा घेतला तर हिशेब तोच होतो.

कोरा चहा, लेमन टी, ग्रीन टी. वजन कमी करायला हे सुरू केलेले लोक डाग बघून चकित होतात. दूध नाही, टॅनिन मोकळं, आणि लिंबाचा आंबटपणा वर. प्यायचाच असेल तर एका बैठकीत संपवा, घोट-घोट करत दोन तास नको.

उसाचा रस, सरबतं, गोटी सोडा. रसवंतीवरचा रस फारसा रंगवत नाही. त्याचा धोका वेगळा: साखर फिलिंगच्या कडेला थांबते, नवी कीड लागते, आणि ती कीडच काळी दिसते. तिला ‘डाग’ समजून घरी घासत बसणारे खूप आहेत.

कॉफी. दुधाची असो वा काळी, गरम आणि वारंवार असेल तर चहाइतकीच सावधगिरी घ्या.

यातून रोजचा नियम निघतो तो असा. किती पिता यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ तोंडात ठेवता याला महत्त्व जास्त. पाच वेळा अर्धा-अर्धा कप पिण्यापेक्षा दोनदा पोटभर प्या. चहा बशीत ओतून थोडा निववून प्यायची जुनी सवय असेल तर ती मोडू नका. शेवटच्या घोटानंतर साध्या पाण्याची चूळ, आणि ती खरोखर खळबळून. टपरीवर चहाआधी पाणी प्यायची आपली रीत आहे, ते पाणी चहानंतर घ्या. थंड पेय स्ट्रॉने घेतलं तर समोरच्या दातांना कमी लागतं. गरम चहाला मात्र स्ट्रॉ लावू नका, टाळू भाजेल.

पिण्याच्या औषधांकडे कुणाचं लक्ष जात नाही. लोहाचं पातळ टॉनिक दातांवर काळपट थर देतं, ते स्ट्रॉने घ्या आणि चूळ भरा. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश हिरडीला चांगला, पण चहा पिणाऱ्याच्या दातांवर आणि फिलिंगवर तपकिरी डाग पाडतो. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितला तितकेच दिवस वापरा, आणि तो वापरून लगेच चहा नको. उन्हात पाणी कमी प्यायल्याने तोंड कोरडं पडतं, तोंडाने श्वास घेणाऱ्यांचं तर पडतंच. थुंकीनेच रंग धुऊन निघतो, तोंड कोरडं असेल तर डाग पक्के बसतात.

६. ब्रश: कधी, कशाने

मऊ ब्रश, साधी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री. एवढंच पुरे. आंबट काही प्यायल्यावर लगेच घासू नका. आधी चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या, मग ब्रश.

न वापरण्याच्या वस्तू: कोळशाची पावडर, राखुंडी, मिश्री, मीठ, खायचा सोडा आणि लिंबू, ‘झटपट पांढरे’ म्हणणाऱ्या खरखरीत पेस्टी. यांनी पहिल्या दिवशी दात खरंच उजळ दिसतो, कारण वरचा थर खरवडला जातो. त्याच ओरखड्यांत पुढच्या आठवड्याचा चहा जास्त बसतो, मग माणूस आणखी जोरात घासतो. समोरचा दात भरलेला आणि घरात राखुंडीची सवय, अशा तोंडात कितीही महागाचं कॉम्पोझिट भरा, टिकत नाही.

हिरडीलगतच्या फिलिंगला ब्रश आडवा रगडू नका. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलका फिरवा.

७. डाग पडलाच तर आधी ओळखा

चांगला उजेड, मोबाइलचा टॉर्च आणि हातातला आरसा घ्या. ब्रश करून, दात पुसून बघा. तीन प्रकार दिसतील.

पहिला, वर वर पसरलेला पिवळट-तपकिरी थर. शेजारच्या खऱ्या दातांवरही थोडा असतो. हा चहाचा. पॉलिशने जातो.

दुसरा, फिलिंग आणि दात यांच्या सांध्यावर केसासारखी बारीक तपकिरी रेघ. इथे लोक घाबरतात आणि काही ठिकाणी घाईने फिलिंगही काढलं जातं. नुसती रेघ म्हणजे कीड नव्हे. रेघेजवळ दात मऊ लागतो का, खड्डा आहे का, अन्न अडकतं का, गार लागतं का, रेघेच्या आजूबाजूला करडी सावली आत पसरलीय का, हे बघावं लागतं. यातलं एकही ‘हो’ असेल तर लवकर दाखवा.

तिसरा, अख्खं फिलिंगच आतून पिवळसर झालेलं, पॉलिश करूनही तसंच. हे जुन्या कॉम्पोझिटमध्ये होतं. रेझिन आणि त्यातली रसायनं काळानुसार बदलतात, त्यात चहाचा हात थोडाच.

लक्षात ठेवा: दात स्वतःच राखाडी किंवा काळसर होत असेल आणि फिलिंग ठीक असेल, तर आतली नस मेलेली असू शकते. मार लागला होता का ते आठवा आणि डॉक्टरांना तेच आधी सांगा.

८. दवाखान्यात काय मागायचं

“बदलून द्या” हे पहिलं वाक्य नको. क्रम हा: साफ करणं, पॉलिश, सांधा बुजवणं, तेवढ्याच भागाची दुरुस्ती, आणि काहीच जमत नसेल तर नवं फिलिंग. प्रत्येक वेळी पूर्ण फिलिंग काढताना थोडा चांगला दातही जातो आणि खड्डा आधीपेक्षा मोठा होतो. पॉलिशला थोडा वेळ लागतो, भूल लागत नाही, आणि पुष्कळ दात तिथेच सुटतात.

साफसफाई करायला बसलात की कोणत्या दातात फिलिंग आहे ते आधी सांगा. चांगलं जुळलेलं कॉम्पोझिट डॉक्टरांनाही चटकन दिसत नाही, आणि स्केलिंगचं टोक त्यावरून फिरलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो. साफसफाईनंतर फिलिंगवर पुन्हा पॉलिश करून मागा. पॉलिश झाल्यावर तो दिवस चहा-हळद टाळलेली बरी, दुरुस्ती किंवा नवं फिलिंग झालं असेल तर चौथा टप्पा पूर्ण पाळायचा.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ही कामं होतात. गर्दी असते, सकाळी लवकर पोहोचा. जाताना जुना एक्स-रे, शेडच्या नंबरचा फोटो आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. निघण्याआधी घरी ब्रश करून घ्या आणि वाटेत चहा घेऊ नका, नाहीतर डॉक्टरांना जुना डाग कोणता आणि आत्ताचा चहा कोणता हे शोधण्यातच निम्मा वेळ जाईल.